जिभेखालचे थेंब

नागीण निघाली तेव्हा मालूने ती फारशी मनावर घेतली नव्हती. उजव्या कुशीत, बरगड्यांपासून पाठीपर्यंत पुळ्यांचा लाल पट्टा उठला, थोडा ताप आला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गौरी-गणपती येईपर्यंत खपल्याही पडून गेल्या. बाळकुमच्या त्यांच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, सुटलीस बाई. पण मालू सुटली नव्हती. पुळ्या होत्या त्या जागी बाहेरून आता काहीच दिसत नव्हतं आणि आत आग होती. पदर घासला, पंख्याचा वारा लागला, तरी कोणी निखारा फिरवल्यासारखं व्हायचं. साठी ओलांडलेली ही बाई, सगळा जन्म माजिवड्याच्या बाजारात मासळी विकण्यात गेलेला. तिला आता ब्लाउजही अंगाला सोसेना. नवऱ्याचा, नाथाचा जुना ढगळ सदरा घालून ती मागच्या पडवीत बसून राहायची. बाजारातली तिची जागा तिची नणंद कांता सांभाळत होती.

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी तिला इतकं गरगरायचं की एकदा ती मोरीत पडता पडता वाचली. तिने गोळ्या बंद केल्या आणि डॉक्टरांना तसं सांगितलंही नाही.

तिचा मुलगा हितेश माजिवड्याला गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं काम बघायचा. तिथला त्याचा मित्र, डोंबिवलीचा विनीत, एक दिवस म्हणाला, "अरे, माझी आई कंबर धरून बसलेली. सीबीडीचं तेल सुरू केलं, आता जिने चढते. तुझ्या आईला दे ना. वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं, एकदम लीगल."

हितेशने त्या दिवसापासून मोबाइलवर तेच वाचायला घेतलं. बायकोला, मनालीलाही तो जेवताना वाचून दाखवायचा. "बघ, दुखण्यावर चालतं, झोपेवर चालतं, घाबरायला होतं त्याच्यावरपण चालतं."

"सगळ्यावरच चालतं म्हणजे कशावरच चालत नसेल," मनाली म्हणाली. पण मोबाइल परत देताना तिने तो थोडा जास्त वेळ हातात धरून ठेवला होता.

वैद्य संचिता तरुण होत्या आणि त्यांनी मालूला घाईत तपासलं नाही. कुठे जळतं, कधी जळतं, रक्तदाबाची गोळी कुठली, आधीच्या गोळ्या का सोडल्या, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तेल देते. विजयाच्या पानांचं आहे."

"विजया म्हणजे कोनतं झाड?" मालूने विचारलं.

"भांगेचं, मावशी."

"गांजा?"

"झाड तेच. पण या तेलात नशा आणणारा भाग अगदी नावापुरता आहे. दुसरा जो घटक आहे, सीबीडी, तो मुख्य. त्याने डोकं फिरत नाही."

"दुखणं थांबेल ना पण?" हितेशने विचारलं.

"थांबेल असं मी म्हणणार नाही. काहींना झोप बरी लागते, काहींना दुखणं थोडं लांब गेल्यासारखं वाटतं, काहींना काहीच होत नाही. नागिणीनंतरच्या आगीवर याचा फार अभ्यास झालेला नाही. महिनाभर घेऊन बघू. जिभेखाली थेंब सोडायचे, थोडा वेळ धरून ठेवायचे आणि मग गिळायचे. आणि त्या आधीच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी पुन्हा बोला. त्या हळूहळू वाढवल्या तर सोसतात."

हितेशला यातलं "घेऊन बघू" तेवढं ऐकू आलं. मालूला "गांजा" तेवढं ऐकू आलं.

मालूचा धाकटा भाऊ गुणाजी सोळा-सतरा वर्षांचा असताना बंदरावरच्या पोरांबरोबर चिलीम ओढायला लागला होता. आधी हसायचा, मग गप्प झाला, मग भिंतीतून कोणी बोलतंय म्हणायला लागला. बापाने त्याला खोलीत कोंडून बघितलं, मारूनही बघितलं. एका सकाळी तो घरातून गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. हितेशला आपल्याला असा मामा होता हेच माहीत नव्हतं.

त्या झाडाचा एक थेंबही आपल्या तोंडात जायचा नाही, हे मालूने दवाखान्यातून घरी येईपर्यंत पक्कं केलं होतं. पण रिक्षात शेजारी हितेश बाटली दोन्ही हातांत धरून बसला होता, लहानपणी जत्रेतून आणलेली वस्तू धरायचा तशी. त्याला नाही म्हणणं तिच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती ड्रॉपर भरून मोरीत सोडायची, वर तांब्याभर पाणी ओतायची आणि तोंड पुसत बाहेर यायची.

"घेतलंस, आये?"

"घेतला रं."

असे काही दिवस गेले. मग मालूच्या लक्षात आलं की आपण ओततो त्यापेक्षा बाटली जास्त खाली जातेय.

आणि मग एका सकाळी तिने बघितलं. नाथा होडी घेऊन खाडीत गेला होता, हितेश दारात बाइक पुसत होता. मालू पडवीतून आत आली तर स्वयंपाकघरात मनाली मान मागे टाकून उभी होती. ड्रॉपर जिभेखाली, डोळे मिटलेले आणि एक हात छातीवर घट्ट दाबलेला.

मालू तशीच मागे सरकली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच की सून चोरून नशा करते. गुणाजी डोळ्यासमोर आला. दिवसभर ती सुनेकडे संशयाने बघत राहिली. हसते का, चालताना तोल जातो का, भिंतीकडे बघत बसते का. यातलं काही नव्हतं. पण बघायलाच लागल्यावर दुसरं बरंच काही दिसलं. सुट्टीच्या दिवशी मनालीला माहेरी, डोंबिवलीला जायचं होतं. ती तयार होऊन रस्त्यावर उभी राहिली. रिक्षा यायची, ती हात पुढे करायची आणि रिक्षा थांबली की मान हलवून जाऊ द्यायची. अशा किती गेल्या. मग घरात येऊन म्हणाली, "आई, डोकं दुखतंय, नाही जात मी आज." तिचे तळहात ओले होते.

मनालीचं असं झालं होतं की पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी ऑफिसातून येताना माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला रिक्षात बसल्या बसल्या तिची छाती आवळली. श्वास पुरेना, बोटं बधिर झाली, आपण इथेच मरणार असं वाटलं. रिक्षावाल्यानेच तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला आला. अ‍ॅसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका, असं सांगून घरी पाठवलं. हितेशही म्हणाला, "बघ, उपाशी राहतेस ना, म्हणून." गोष्ट तिथे संपली, असं सगळ्यांना वाटलं. पण मनालीला त्या दिवसापासून ते पुन्हा होईल याची भीती बसली होती आणि त्या भीतीनेच ते पुन्हा पुन्हा होत होतं. सकाळी ती हितेशच्या बाइकवर वागळे इस्टेटच्या ऑफिसात जायची. येताना बसमध्ये दाराजवळ उभी राहायची, उतरता यावं म्हणून. रिक्षा तिने सोडूनच दिली होती. यातलं काहीही तिने कोणाला सांगितलं नव्हतं. चांगली शिकलेली, कमावती मुलगी रिक्षाला घाबरते, हे सांगायचं कसं?

मालूला हे सगळं माहीत नव्हतं. पण पोर कशाला तरी भितेय आणि त्या थेंबांवर सकाळ ढकलतेय, एवढं तिला कळलं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि कोणाला न सांगता एकटीच वैद्य संचितांकडे गेली.

"डाक्टर, हा त्याल तरन्या पोरीनं घेतला तर ती येडी होल काय?"

"कोण पोरगी, मावशी?"

"हाय एक. कशाला तरी घाबरते. चोरून घेते."

"एवढ्याशा थेंबांनी वेड नाही लागायचं. पण दिवस गेले असतील तर अजिबात घ्यायचं नाही. दुसरी काही औषधं चालू असतील तर मला कळायला हवं. आणि मावशी, जी पोरगी चोरून तेल घेते तिला तेलापेक्षा कोणीतरी विचारणारं हवंय. तिला घेऊन या माझ्याकडे."

मालू हो म्हणाली. घरी येताना तिने वाक्य जुळवायचा खूप प्रयत्न केला. पण विचारलं तर पोर शरमेने बाटलीला हात लावायची नाही आणि मग तिच्याजवळ तेवढाही आधार उरायचा नाही, असं तिला वाटलं. शिवाय मग हितेशला कळणार की आई तेल घेतच नव्हती. वाक्य जुळलं नाही. त्या दिवसापासून मालूने एवढंच केलं की तेल मोरीत ओतणं बंद केलं, बाटली पुढच्या फळीवर आणून ठेवली आणि सकाळी मनाली स्वयंपाकघरात गेली की आपण पडवीतून हलायचं नाही असं ठरवलं.

बाटली संपत आली तेव्हा हितेशने विचारलं, "आये, खरं सांग. फरक आहे? असेल तरच दुसरी आणतो."

मनाली ताटं मांडत होती. तिचा हात थांबला. मालूने ते बघितलं.

"हाय ना," मालू म्हणाली. "जाम फरक हाय. आन तू."

हितेशला इतका आनंद झाला की त्याने जेवण तसंच ठेवून विनीतला फोन लावला. मग आळीत ज्याला त्याला सांगत सुटला. कांताआत्याचा गुडघा दुखायचा. तिलाही तो वैद्यांकडे घेऊन गेला आणि चिठ्ठी आणून दिली.

खोटं एकदा बोललं की त्याच्यासारखं वागावंही लागतं. ज्या बाईला जाम फरक पडलाय तिला पडवीत सदरा घालून बसता येईना. मालूने ब्लाउज घातला. पहिल्या दिवशी हुक लावताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने कांदा चिरायला घेऊन लपवलं. लोक विचारायला आले की ती हात वर करून दाखवायची. आणि मग हितेश म्हणाला, "आये, एवढं बरं आहे तर बाजारात बस ना थोडा वेळ. तुलाच करमत नाही ना घरात." तिला नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

तशी मालू पुन्हा बाजारात बसायला लागली. डाव्या हाताने कोळंबी मोजून द्यायची, उजवी कूस भिंतीकडे करून बसायची. गिऱ्हाइकं खूश झाली. कांता तर सगळ्यांना सांगायची, "आमची मालू कशी उठून बसली बगा!"

इकडे मनालीचं मन तिला खात होतं. थेंबांनी तिला बरं वाटत होतं, निदान तिला तसं वाटत तरी होतं. छाती आवळायची, पण सकाळी घेतलंय ना आपण, या विचाराने ती थोडी सुटायची. पण ज्या तेलाने सासूची एवढी आग विझली, ते आपण तिच्या तोंडातून काढून घेतोय, हे तिला सोसेना. आई पुन्हा बाजारात बसतायत आणि आपण त्यांचं औषध चोरतोय. एका सोमवारी तिने बाटलीला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. सासू समजत होती सून घेतेय, सून समजत होती सासू घेतेय. फळीवर बाटली जशीच्या तशी राहिली. आणि मनालीची सकाळ पुन्हा आवळायला लागली.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाजारात हे घडलं. मालूचं एक जुनं गिऱ्हाईक खूप दिवसांनी आलं होतं. "मावशी, तुमचं दुखणं गेलं म्हणे?" त्या बाईंनी विचारलं. मालू काही म्हणायच्या आत कांताने कौतुकाने तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. "गेला तर! बगा ना कशी ठणठणीत!"

थाप नेमकी त्या पट्ट्यावर पडली.

मालू ओरडली ते सगळ्या बाजाराने ऐकलं. ती पुढे कलंडली आणि बर्फाच्या पेटीवर आडवी झाली. कोळंबी खाली सांडली. कांता घाबरून तिला उचलायला गेली, तर मालू आणखीच किंचाळली, "हात नको लावू! नको लावू कांते!" आणि मग त्या ओल्या फरशीवर बसून लहान मुलासारखी रडायला लागली.

कांताने हितेशला फोन लावला. तो गिऱ्हाइकाबरोबर गाडी चालवून बघायला गेला होता, फोन लागेना. नाथा खाडीत. मग तिने मनालीला लावला.

"मनाली, तुझी सासू पडली बाजारात. कोनाला हात लावू देत नाय. तू ये गो पटकन!"

मनाली ऑफिसच्या खाली आली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. बसची वाट बघायला वेळ नव्हता. रिक्षा थांबली. "माजिवडा मार्केट," ती म्हणाली आणि आत बसली. रिक्षा हायवेला लागायच्या आतच छाती आवळली. बोटं बधिर झाली. पहिला नाका गेला की उतरू, असं तिने स्वतःला सांगितलं. तो गेल्यावर पुढच्या सिग्नलला उतरू, असं सांगितलं. माजिवड्याच्या पुलाखाली गाड्या अडकून पडल्या तेव्हा आपण मरतोय असं तिला पुन्हा वाटलं. ती पुढचा लोखंडी दांडा धरून, ओठ चावून बसून राहिली. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, ठीक है ना?" तिने मान हलवली. ठीक काहीच नव्हतं. पण ती उतरली नाही.

बाजारात ती पोचली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. फरशीवर बसलेल्या मालूने वर बघितलं आणि स्वतःचं रडणं विसरून म्हणाली, "गो बाय, तुला काय झाला? आज त्याल नाय घेतलास?"

मनाली तिच्यासमोर ओल्या फरशीवरच बसली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्यापासून म्हाईत हाय."

"आई, मी नाही घेतलं. चार-पाच दिवस झाले. तुमचं औषध होतं ना ते. तुम्हाला गुण आलाय आणि मी..."

"कसला गुन? मी एक थेंब नाय घेतला त्याचा."

मग मनालीला रडू फुटलं आणि रडता रडताच मध्ये कुठेतरी हसूही आलं. तिने सासूला मिठी मारायला हात पुढे केला आणि आठवण झाल्यासारखा मागे घेतला. मालूने आपला डावा हात पुढे केला. तेवढा धरून मनाली बसून राहिली. कांता बाजूला उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत होती, "अगो, झालाय काय पन?"

संध्याकाळी घरी हितेशला सगळं सांगितलं गेलं. तो एकदम भडकला. "म्हणजे मी येडा! आई मोरीत ओतते, बायको लपून पिते, आणि मी सगळ्या आळीला सांगत फिरतोय, आईला फरक पडला म्हणून! एक शब्द बोलायला काय होत होतं तुम्हाला? अगं मनाली, तू तरी? मी तुला रोज ऑफिसला सोडतो!"

"मी सांगितलेलं," मनाली हळू आवाजात म्हणाली. "तू म्हणालास, उपाशी राहतेस म्हणून होतं."

बायकोवरचा हितेशचा राग तिथेच ओसरला. पण आईवरचा त्याचा राग गेला नव्हता. "आणि आये तू? नको होतं तर नको बोलायचं ना!"

मालू मान खाली घालून बसली होती. बोलला तो नाथा, जो घरात सहसा बोलत नसे. जाळ्याची गाठ मारता मारता तो म्हणाला, "तिचा भाऊ होता. गुणाजी. गांज्यापायी गेला. तुला नाय सांगितला कदी." आणि मग त्याने होतं तेवढं सगळं सांगितलं. हितेश ऐकत आईच्या शेजारी येऊन बसला. "आये, फोटो आहे का त्याचा?" त्याने विचारलं. मालूने नाही म्हणून मान हलवली. मग पुष्कळ वेळ ती भावाबद्दल बोलत राहिली. तो पोहायचा कसा, शीळ कशी घालायचा, तिच्या लग्नात रुसून कसा बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याचं नाव घेत होती.

पुढे दोघींचेही डॉक्टर ठरले. वैद्य संचितांनीच एका मोठ्या दवाखान्यातल्या दुखण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मालूला आधीच्याच औषधाची अगदी लहान गोळी रात्रीची दिली, हळूहळू वाढवायची, आणि कुशीवर लावायला बधिर करणारी पट्टी दिली. नवी गोळी सुरू होतेय, दोन्हींनी मिळून गुंगी यायला नको, म्हणून तेल बंद ठेवायला सांगितलं. "पूर्ण जाईल असं नाही सांगत," ते म्हणाले. "पण निम्मं जरी गेलं तरी तुमचं जगणं सुटसुटीत होईल."

मनालीला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी बराच वेळ बोलतं केलं. तिला जे होत होतं त्याला नाव होतं आणि ते पुष्कळ जणांना होतं, हे ऐकूनच तिचे खांदे सैल पडले. हितेश सोबत होता. त्यानेच विचारलं, "डॉक्टर, मग ते तेल खरं की खोटं? हिला बरं वाटत होतं म्हणते."

"बरं वाटत होतं ते खरंच," डॉक्टर म्हणाल्या. "तेलामुळे की घेतलंय या धीरामुळे, ते मला सांगता येणार नाही. भीतीवर सीबीडीचे काही छोटे अभ्यास झालेत. त्यात फायदा दिसलाय, पण तिथे दिलेली मात्रा यांच्या थेंबांच्या कितीतरी पट होती. मोठे अभ्यास अजून व्हायचेत. माझ्याकडे जे जास्त खात्रीचं आहे ते मी आधी देते. बोलून करायचे उपचार, लागली तर गोळी. तेलाला मी वाईट म्हणत नाही. पण त्याच्या भरवशावर एकट्याने बसायचं नाही."

हितेशने मग विनीतला सांगितलं. विनीत म्हणाला, "माझ्या आईला तर बरं आहे रे. आता काय करू, बंद करू?" "डॉक्टरला विचार," एवढंच हितेश म्हणाला. कांताआत्याकडे तो खास गेला, सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली. कांताने शांतपणे ऐकून घेतलं आणि गुडघा दुमडून, पुन्हा ताणून दाखवला. "तुझ्या आयशीनं नाय घेतला, तुझ्या बायकोनं अर्धा घेतला, त्यांचं त्या बगतील. मी रोज घेते. मना बरा वाटतो. बाटली नाय देनार." आणि तिने दिली नाही.

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा मालूची आग बरीच उतरली होती. गेली नव्हती. काही दिवस चांगले जायचे, ती बाजारात बसायची, कोणी कौतुकाने पाठीवर थाप मारायला आलं तर आधीच ओरडायची. काही दिवस वाईट असायचे. मनाली दर आठवड्याला डॉक्टरांकडे जायची. रिक्षात बसायचा सरावही डॉक्टरांनीच लावून दिला होता, आधी एका नाक्यापर्यंत, मग दोन. तिला अजूनही व्हायचं. पण आता होतं तेव्हा मरण येत नाही, थोड्या वेळाने ते उतरतं, हे तिला ठाऊक झालं होतं.

एका सकाळी हितेश आंघोळ करून बाहेर आला तर आई बाजाराची पाटी समोर घेऊन नुसती बसली होती.

"आये, काय झालं?"

पूर्वी ती "काय नाय" म्हणाली असती. तिने पाटी बाजूला सारली. "आज जलतंय रं. लय जलतंय. मी नाय जात."

"नको जाऊस. आत्याला फोन करतो."

मनाली दारात चपला घालत होती. तीही थांबली. "मलापण आज सकाळपासून छातीत होतंय," ती म्हणाली. "पण मी जाते. रिक्षानेच जाते. तू मागून बाइकवर येऊ नकोस हां, मला कळतं."

हितेशने दोघींकडे बघितलं. "दोघींनी जरा थांबा," तो म्हणाला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. तिघं पडवीत बसून चहा प्यायले. मालूने आत जाऊन ब्लाउज काढला, नाथाचा सदरा चढवला आणि मोकळा श्वास घेतला. मग मनाली उठली, पर्स खांद्याला लावली आणि रस्त्यावर जाऊन तिने हात पुढे केला.